हायगेन्सची नाव

संवेग अक्षय्यतेचा नियम आपल्या बॅचमधल्या बहुतेकांना अजूनही म्हणता येईल. दोन वस्तूंची टक्कर झाली आणि त्यांच्यावर बाहेरून कोणतेही बल काम करत नसेल, तर टकरीआधीचा एकूण संवेग आणि टकरीनंतरचा एकूण संवेग सारखाच राहतो. संवेग म्हणजे वस्तुमान गुणिले वेग. त्याखाली एम-वन यू-वनचे लांबलचक समीकरण, आणि मग गोळी सुटल्यावर बंदूक किती वेगाने मागे येईल ते परीक्षेत हमखास येणारे गणित. नियम न्यूटनच्या धड्यात होता, त्यामुळे तो न्यूटनचाच असणार असे धरून आपण पुढच्या धड्याकडे वळलो.

पुढे मी इंजिनिअरिंग केले आणि आता वीसहून अधिक वर्षे सॉफ्टवेअरमध्ये काम करते. शाळेच्या आठवणी या स्मरणिकेत इतर जण माझ्यापेक्षा छान लिहितील याची मला खात्री आहे. म्हणून मी शाळेतल्या त्या एका नियमामागच्या माणसाविषयी लिहिते आहे. ज्यांनी बारावीला सायन्स घेतले त्यांना त्याचे नाव प्रकाशाच्या धड्यात भेटले असेल: ख्रिस्तिआन हायगेन्स. प्रकाशाच्या लहरी, लंबकाचे घड्याळ आणि शनीभोवतीचे कडे या तीन गोष्टींसाठी तो प्रसिद्ध आहे. टकरींचे गणित बरोबर सोडवणाऱ्या पहिल्या तिघांतही तो होता, आणि त्या तिघांत त्याचे काम सर्वांत आधी झालेले होते, हे मात्र फारसे सांगितले जात नाही.

हायगेन्सचा जन्म १४ एप्रिल १६२९ रोजी हॉलंडमधल्या द हेग शहरात झाला. घर मोठ्या लोकांच्या ऊठबशीतले. वडील कॉन्स्टँटाइन हायगेन्स हे ऑरेंज घराण्याच्या राजपुत्रांचे सचिव होते. शिवाय डच भाषेतले नावाजलेले कवी आणि संगीताचे जाणकार. ख्रिस्तिआन आठ वर्षांचा असताना, १६३७ मध्ये, धाकट्या बहिणीच्या जन्मानंतर आई गेली. चार भाऊ आणि एक बहीण अशी पाच मुले वडिलांनी वाढवली. मुलांचे सुरुवातीचे शिक्षण घरीच झाले. लॅटिन, संगीत, गणित, तर्कशास्त्र असे सगळे. ख्रिस्तिआनला पुस्तकाइतकीच हाताने काहीतरी बनवायची आवड होती. तेराव्या वर्षी त्याने स्वतःसाठी एक लेथ तयार केला. गणितातली त्याची गती पाहून वडील त्याला आर्किमिडीजच्या पंगतीला बसवत.

या घराशी जवळचा संबंध असलेल्यांपैकी एक होता रेने देकार्त. आलेखाच्या कागदावर आपण जे एक्स आणि वाय अक्ष काढायचो ते ज्याच्या नावाने ओळखले जातात, तोच हा फ्रेंच तत्त्वज्ञ. आयुष्यातली वीसेक वर्षे तो हॉलंडमध्ये राहिला आणि थोरल्या हायगेन्सांशी त्याची मैत्री होती. मुलाने सोडवलेली काही गणिते त्याच्यापर्यंत पोचली तेव्हा तो खूश झाला होता. १६४४ मध्ये देकार्तचा तत्त्वज्ञानावरचा मोठा ग्रंथ प्रसिद्ध झाला. जगातली प्रत्येक घडामोड म्हणजे कणांचे एकमेकांना ढकलणे, असे चित्र त्यात रंगवले होते. पंधरा-सोळा वर्षांच्या ख्रिस्तिआनने तो वाचला आणि तो भारावून गेला. म्हातारपणीसुद्धा त्याला ते भारावलेपण आठवत होते.

१६४५ ते १६४७ अशी दोन वर्षे तो लायडन विद्यापीठात कायदा आणि गणित शिकला. तिथे फ्रान्स फान स्खोटेन हा त्याचा गणिताचा शिक्षक देकार्तचा कट्टर अनुयायी होता. नंतरची दोन वर्षे ब्रेडाच्या कॉलेजात गेली. मुलाने आपल्यासारखेच राजनैतिक सेवेत जावे असा वडिलांचा बेत होता. पण १६५० मध्ये ऑरेंजचा राजपुत्र दुसरा विल्यम अचानक वारला, त्या घराण्याच्या हातून सत्ता गेली आणि हायगेन्स कुटुंबाचा दरबारी रस्ता बंद झाला. ख्रिस्तिआन घरी राहिला. वडिलांच्या पैशावर, स्वतःच्या खोलीत, नोकरीशिवाय. पुढच्या सोळा वर्षांत त्याने जे केले ते पाहिले तर हा घरबसलेपणा विज्ञानाच्या पथ्यावरच पडला म्हणायचा.

त्याच सुमारास, १६५२ मध्ये, तेविसाव्या वर्षी, त्याला देकार्तच्या ग्रंथातल्या एका भागाविषयी शंका येऊ लागली. तो भाग टकरींचा होता.

देकार्तचे म्हणणे असे की विश्वातल्या गतीची एकूण राशी कायम राहते. ही राशी म्हणजे वस्तूचा आकार गुणिले तिची चाल. त्यावरून त्याने टकरीचे सात नियम मांडले होते. पहिला नियम बरोबर आहे: दोन सारख्या वस्तू सारख्या चालीने समोरासमोर आदळल्या तर त्याच चालीने मागे फिरतात. पुढे मात्र गाडी घसरते. चौथा नियम सांगतो की लहान वस्तू स्थिर असलेल्या मोठ्या वस्तूवर आदळली, तर लहान वस्तूची चाल कितीही असो, मोठी वस्तू तसूभरही हलणार नाही. लहान वस्तू होती त्याच चालीने परत येईल. पाचवा नियम सांगतो की मोठी वस्तू स्थिर असलेल्या लहान वस्तूवर आदळली तर दोघी मिळून पुढे जातील. ज्याने कॅरम खेळला आहे त्याला यात काहीतरी चुकते आहे हे लगेच जाणवेल. देकार्तलाही अनुभव वेगळे सांगतो हे ठाऊक होते. आजूबाजूच्या हवेमुळे आणि इतर पदार्थांमुळे नियम उघड दिसत नाहीत, असे त्याचे उत्तर होते.

हायगेन्सने प्रयोगाने वाद घालायच्या ऐवजी एक नाव पाण्यात सोडली. अर्थात कागदावर. हॉलंडमध्ये कालव्यांतून माणसांची ने-आण करणाऱ्या नावा हा रोजचा प्रकार होता. संथ पाण्यातून एकसारख्या वेगाने जाणाऱ्या अशा नावेत बसलेल्या माणसाला, डोळे मिटले तर, आपण चाललो आहोत हे कळत नाही. नावेत चेंडू टाकला, झेलला, दोन गोळे एकमेकांवर आपटले, तर सगळे जमिनीवर घडते तसेच घडते. हे गॅलिलिओनेही सांगितले होते. हायगेन्सने या साध्या गोष्टीतून टकरीचे नियम काढले.

समजा, नावेतल्या माणसाच्या हातात दोऱ्यांना टांगलेले दोन सारखे गोळे आहेत. तो दोन्ही हात जवळ आणतो आणि गोळे समोरासमोर आदळतात, प्रत्येकाची चाल ताशी ३ किलोमीटर. सारखे आणि टणक गोळे, सारखी चाल. तेव्हा दोघे ताशी ३ किलोमीटरनेच मागे फिरतात. याविषयी देकार्तचेही दुमत नव्हते. आता नावही ताशी ३ किलोमीटरने चालली आहे आणि काठावर दुसरा माणूस उभा राहून हेच पाहतो आहे असे समजा. त्याला काय दिसेल? नावेच्या दिशेने येणाऱ्या गोळ्याची चाल त्याला ६ दिसेल. उलट दिशेने येणारा गोळा जागच्या जागी दिसेल, कारण नाव त्याला पुढे नेते आहे आणि हात तेवढाच मागे. टक्कर झाल्यावर चित्र उलटे होते. आधी ६ ने येणारा गोळा आता जागेवर थांबतो आणि स्थिर असलेला गोळा ६ ने निघतो.

म्हणजे एकाच टकरीतून दोन नियम मिळाले. काठावरच्या माणसाने पाहिलेला नियम आपण सगळ्यांनी गोट्या खेळताना अनुभवलेला आहे. नेम अगदी समोरासमोर बसला तर टिपलेली गोटी सुसाट सुटते आणि मारलेली तिच्या जागी थबकते. नावेची चाल बदलत गेले की सारख्या गोळ्यांच्या टकरीचा प्रत्येक प्रकार याच युक्तीने सुटतो.

आता देकार्तचे चौथा आणि पाचवा नियम नावेत बसवून पाहा. लहान वस्तू स्थिर मोठ्या वस्तूवर आदळते ती घटना लहान वस्तूच्या बरोबरीने चाललेल्या नावेतून पाहिली, तर मोठी वस्तू स्थिर लहान वस्तूवर आदळताना दिसेल. घटना एकच, पाहणारे दोन. चौथ्या नियमाप्रमाणे दोन्ही वस्तू एकमेकींपासून दूर जायला हव्यात, पाचव्याप्रमाणे एकत्र जायला हव्यात. दोन्ही खरे असणे शक्य नाही. काठावर आणि नावेत निसर्गाचे नियम वेगळे असू शकत नाहीत, एवढे एकच मान्य केले की देकार्तचे नियम एकमेकांनाच खोटे पाडतात.

हायगेन्सच्या लक्षात आले की खोट दिशेत आहे. देकार्तच्या राशीत चाल होती, दिशा नव्हती. माझ्या धंद्याच्या भाषेत सांगायचे तर त्याने अधिक-उणे चिन्ह पुसून फक्त आकडा साठवला होता. दिशा धरली, एका बाजूची गती अधिक आणि उलट बाजूची उणे मानली, की बेरीज प्रत्येक टकरीत कायम राहते. चिकणमातीचे दोन सारखे गोळे समोरासमोर येऊन चिकटले आणि थांबले, तर देकार्तच्या हिशेबात गती नाहीशी होते. दिशेच्या हिशेबात आधीही शून्य आणि नंतरही शून्य. पुस्तकातल्या गणितात उजवीकडचा वेग अधिक, डावीकडचा उणे धरायला सांगत, ते अधिक-उणे असे इथून आले आहे.

१६५६ पर्यंत, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी, टकरींवरचा त्याचा लॅटिन ग्रंथ बहुतेक तयार झाला होता. दोन वस्तू ज्या वेगाने जवळ येतात त्याच वेगाने टकरीनंतर दूर जातात हे त्यात सिद्ध केले होते. लहान-मोठ्या वस्तूंसाठी त्याने टोरिचेलीचे एक तत्त्व वापरले: वजनांचा समूह आपल्याआपण खाली आला, तर त्याचा गुरुत्वमध्य जिथून निघाला त्याहून वर चढू शकत नाही. आणखी एक गोष्ट त्याला सापडली. टणक वस्तूंच्या टकरीत प्रत्येकीचे वस्तुमान गुणिले वेगाचा वर्ग घेऊन बेरीज केली तर तीही टकरीआधी आणि नंतर सारखीच राहते. पुढे लायब्निट्सने याच राशीला मोठे महत्त्व दिले, आणि आज आपण तिच्या अर्ध्या भागाला गतिज ऊर्जा म्हणतो.

या दोन बेरजा बरोबर लागतात हे पाहायचे असेल तर ऑफिसच्या टेबलावर ठेवतात ते ओळीने टांगलेल्या पाच पोलादी गोळ्यांचे खेळणे आठवा. एका बाजूने दोन गोळे सोडले तर दुसऱ्या बाजूने दोनच उडतात. एकच गोळा दुप्पट वेगाने का उडत नाही? संवेगाचा हिशेब तर तसाही जुळला असता: दोन गुणिले एक किंवा एक गुणिले दोन. पण वर्गाच्या हिशेबात पहिल्या बाजूला दोन येतात आणि दुसऱ्या बाजूला चार. म्हणून निसर्ग तो पर्याय घेत नाही. खेळण्याला न्यूटनचा पाळणा म्हणतात, पण त्यामागचे गणित हायगेन्सच्या वहीत न्यूटन तेरा-चौदा वर्षांचा असतानाच लिहिलेले होते.

वहीतच, कारण हायगेन्सने ग्रंथ छापला नाही. देकार्त १६५० मध्येच वारला होता, पण त्याचा दबदबा कायम होता. फान स्खोटेनला शिष्याची ही शंका रुचली नाही. यात वेळ घालवू नये असे त्याचे मत पडले. वडिलांच्या मित्राला, आपल्या बाळपणीच्या दैवताला चूक म्हणायचे, तर पुरावा निर्दोष हवा असे हायगेन्सलाही वाटले असणार. शिवाय अर्धवट वाटणारी गोष्ट बाहेर काढायची नाही हा त्याचा स्वभाव होता. आणि हातात कामेही कमी नव्हती. थोरल्या भावाबरोबर स्वतः घासलेल्या भिंगांची दुर्बीण रोखून त्याने मार्च १६५५ मध्ये शनीचा उपग्रह शोधला, ज्याला आज टायटन म्हणतात. १६५६ च्या डिसेंबरात लंबकाचे घड्याळ सुचले. १६५९ मध्ये शनीभोवती कडे आहे आणि ते ग्रहाला कुठेही चिकटलेले नाही हे जाहीर केले. त्याच वर्षी वर्तुळात फिरणाऱ्या वस्तूच्या अपकेंद्री बलाचे सूत्रही काढले, आणि तेही छापले नाही.

१६६१ मध्ये तो लंडनला गेला तेव्हा तिथल्या विद्वानांनी टकरींची कोडी त्याच्यापुढे ठेवली आणि त्याने ती सोडवून दाखवली. तरीही ग्रंथ बाहेर आला नाही. १६६३ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीने त्याला सभासद करून घेतले. १६६६ मध्ये फ्रान्सचा राजा चौदावा लुई याने पॅरिसला विज्ञान अकादमी स्थापन केली आणि तिथला सर्वांत मोठा विद्वान म्हणून हायगेन्सला घसघशीत मानधन आणि राजाच्या ग्रंथालयात राहायला जागा देऊन बोलावून घेतले. सदतिसाव्या वर्षी त्याला आयुष्यातली पहिली नोकरी लागली.

मग १६६८ साल आले. टकरींचा प्रश्न रॉयल सोसायटीने ऐरणीवर घेतला आणि सचिव हेन्री ओल्डेनबर्ग याने तिघांकडून उत्तरे मागवली: गणिती जॉन वॉलिस, पुढे लंडनचे सेंट पॉल कॅथीड्रल बांधणारा ख्रिस्तोफर रेन, आणि हायगेन्स. वॉलिसने आदळून परत न उसळणाऱ्या वस्तूंचे नियम पाठवले. रेन आणि हायगेन्स यांनी स्वतंत्रपणे टणक वस्तूंचे नियम पाठवले आणि दोघांचे निष्कर्ष जुळले. पण १६६९ च्या सुरुवातीला सोसायटीच्या नियतकालिकात फक्त वॉलिस आणि रेन यांचे लेख छापून आले. हायगेन्सचा लेख हाती असूनही मागे राहिला.

सतरा वर्षांपूर्वी सुरू केलेले आणि तेरा वर्षांपूर्वी पूर्ण झालेले काम. वाचणाऱ्याला वाटणार की हे दोन इंग्रजांनी केले. हायगेन्स दुखावला. मार्च १६६९ मध्ये त्याने आपले नियम पॅरिसच्या नियतकालिकात फ्रेंचमध्ये छापले, सिद्धता न देता. दिशा धरून मोजलेली एकूण गती कायम राहते आणि टकरीआधी व नंतर सर्व वस्तूंचा सामाईक गुरुत्वमध्य एकाच वेगाने सरळ जात राहतो, या गोष्टी त्यात स्पष्ट सांगितल्या होत्या. त्यानंतर ओल्डेनबर्गने लॅटिन भाषांतर आपल्या नियतकालिकात छापून थोडीफार भरपाई केली.

पुढच्याच वर्षी जे घडले ते मला या चरित्रातले सर्वांत मोठे वाटते. १६७० च्या सुरुवातीला हायगेन्स पॅरिसमध्ये फार आजारी पडला. आपण यातून वाचत नाही असे त्याला वाटू लागले. तेव्हा त्याने इंग्रज वकिलातीतल्या एका अधिकाऱ्याला बोलावून घेतले आणि आपले गतिशास्त्रावरचे न छापलेले कागद रॉयल सोसायटीकडे पोचवावेत अशी इच्छा सांगितली. ज्या संस्थेने वर्षभरापूर्वी त्याचा लेख मागे ठेवला होता, तीच संस्था. मानापमान त्याला लागत होता हे उघड आहे. पण कागद कुठे समजले जातील आणि पुढे नेले जातील हे ठरवायची वेळ आली तेव्हा त्याने राग मध्ये येऊ दिला नाही. सुदैवाने तो बरा झाला आणि कागद त्याच्याकडेच राहिले.

१६७२ मध्ये दुसऱ्याच प्रकारची टक्कर समोर उभी राहिली. लुईच्या फौजा हॉलंडवर चालून गेल्या. डचांनी बांध फोडून स्वतःची जमीन पाण्याखाली घातली आणि फ्रेंचांना थोपवले. हायगेन्सचा थोरला भाऊ डच सेनापती तिसरा विल्यम याचा सचिव होता. ख्रिस्तिआन मात्र पॅरिसमध्ये, शत्रूच्या राजाच्या मानधनावर. तो तिथेच राहिला, आणि १६७३ मध्ये लंबकाच्या घड्याळावरचा आपला प्रसिद्ध ग्रंथ त्याने लुईलाच अर्पण केला. त्याच काळात पॅरिसला आलेल्या लायब्निट्स नावाच्या तरुण जर्मनाला त्याने गणिताची वाट दाखवली. पुढे कलनशास्त्र उभारणाऱ्या दोघांपैकी हा एक.

आजारपण वारंवार येत राहिले. १६८१ मध्ये तो द हेगला परतला. बरे वाटल्यावर पुन्हा पॅरिसला जायचा विचार होता, पण १६८३ मध्ये त्याला आधार देणारा मंत्री कोल्बेर वारला, आणि १६८५ मध्ये लुईने प्रॉटेस्टंटांचे धार्मिक हक्क काढून घेतले. प्रॉटेस्टंट हायगेन्सला परतायची वाट राहिली नाही. १६८७ मध्ये नव्वदीचे वडीलही गेले.

त्याच १६८७ मध्ये न्यूटनचा ‘प्रिन्सिपिया’ प्रसिद्ध झाला. गतीच्या तीन नियमांनंतरच्या विवेचनात न्यूटनने टकरींचे नियम शोधणारे म्हणून रेन, वॉलिस आणि हायगेन्स या तिघांची नावे घेतली आहेत. म्हणजे आपण ज्याचे सगळे श्रेय न्यूटनला दिले ते न्यूटनने स्वतः घेतलेले नव्हते. त्याने दोन मोलाच्या गोष्टींची भर घातली. पहिली प्रयोगाची. लंबकासारखे गोळे टांगून त्याने मोजले की खऱ्या वस्तू पूर्ण वेगाने परत उसळत नाहीत. काचेचे गोळे १६ भाग वेगाने जवळ आले तर सुमारे १५ भाग वेगाने दूर गेले. घट्ट दाबलेल्या लोकरीचे ९ भागांवरून सुमारे ५ वर आले. दिशेचा हिशेब मात्र प्रत्येक वेळी जुळला.

दुसरी भर बलाची. हायगेन्स टकरीआधी आणि टकरीनंतर एवढेच पाहत होता. त्यामधल्या क्षणात काय होते याला त्याने हात लावला नाही, आणि तरी उत्तरे बरोबर आली. न्यूटनच्या नियमांनी तो मधला क्षण उघडला. संवेगात जेवढा बदल होतो तेवढा आवेग लागतो, आणि आवेग म्हणजे बल गुणिले ते लागू असलेला वेळ. जोरात आलेला चेंडू झेलताना हात मागे घ्यायचा असतो तो यासाठी. संवेगाचा बदल तेवढाच, वेळ वाढला की हाताला बसणारे बल कमी. हेल्मेटमधला थर्माकोलसारखा थर आणि गाडीतली एअरबॅग दोन्ही तेवढेच करतात: डोके थांबायला काही मिलिसेकंद जास्त देतात. आपल्यापैकी जे रोज दुचाकीवरून जातात त्यांनी एवढे एक समीकरण तरी विसरू नये.

१६८९ मध्ये साठ वर्षांचा हायगेन्स पुन्हा लंडनला गेला आणि न्यूटनला भेटला. न्यूटनच्या गणिताविषयी त्याला अपार आदर होता. पण दोन वस्तू मध्ये काही नसताना दुरूनच एकमेकींना खेचतात हे त्याला शेवटपर्यंत पटले नाही. ढकलल्याशिवाय गती नाही, हा देकार्तच्या ग्रंथातला किशोरवयातला संस्कार तिथे टिकून राहिला. टकरीचे नियम खोडले तरी जगाकडे पाहायची देकार्तची तऱ्हा त्याने सोडली नव्हती. १६९० मध्ये प्रकाशाच्या लहरींवरचा ग्रंथ निघाला, तोही लिहून बारा वर्षे झाल्यावर. लग्न केलेच नव्हते. शेवटची वर्षे एकटेपणाची आणि उदासीची गेली. ८ जुलै १६९५ रोजी द हेगला त्याचे निधन झाले आणि तिथल्या मोठ्या चर्चमध्ये वडिलांजवळ त्याला पुरले.

आपले कागद त्याने लायडन विद्यापीठाला ठेवले होते. त्यांतून टकरींवरचा ग्रंथ सिद्धतांसह १७०३ मध्ये प्रसिद्ध झाला, तयार झाल्यावर सत्तेचाळीस वर्षांनी. त्यात एक चित्र आहे. नावेत एक माणूस, काठावर दुसरा, आणि दोघांच्या हातांमध्ये दोऱ्यांना टांगलेले दोन गोळे. एकच टक्कर दोघे मिळून करताहेत आणि आपापल्या जागेवरून पाहताहेत.

मोबाइलवर कॅरम खेळताना दोन सोंगट्या आदळतात तेव्हा आत चाललेला प्रोग्राम आजही हेच करतो. दोघींचा एकमेकींसापेक्ष वेग काढतो, टकरीच्या रेषेवर तो उलटा फिरवतो, न्यूटनने मोजला तसा एकाहून लहान अपूर्णांक लावतो आणि येणारा आवेग दोघींना सारखा पण विरुद्ध दिशेने देतो. पाच-सहा ओळींचा कोड. त्यातला अपूर्णांक न्यूटनचा, बाकीचा हिशेब हायगेन्सचा.

१४ जानेवारी २००५ रोजी हायगेन्सचेच नाव दिलेले एक यान पॅराशूटने टायटनवर उतरले. जमिनीला टेकताना त्याचा वेग सेकंदाला साडेचार मीटरच्या आसपास होता. यानाच्या तळाशी एक छोटी दांडी बसवलेली होती. ती सर्वांत आधी जमिनीवर आदळली, आणि थांबतानाच्या त्या क्षणभरात तिच्यावर किती बल आले त्याची नोंद पृथ्वीवर आली. त्याने साडेतीनशे वर्षांपूर्वी दुर्बिणीतून पाहिलेल्या त्या ठिपक्याची जमीन कशी आहे, हे कळायला एक टक्करच उपयोगी पडली.

आपल्यापैकी अनेकांची मुले आता नववी-दहावीत आहेत. संवेगाचा धडा आला की त्यांना समीकरण पाठ करायला बसवण्याआधी एक नाव काढून द्या. एक माणूस नावेत, एक काठावर. काठावरच्याला काय दिसेल, एवढेच विचारा आणि थोडा वेळ थांबा. नियम त्यांचा ते काढतील.